पाकिटाची पाठ कोण वाचणार?

रमजानचा चांद दिसायच्या चार दिवस आधी आमच्या घरी यादी होते. अम्मी सांगतात, मी लिहिते. बेसन, मैदा, साखर, शेवया, खजूर, लाल सरबताच्या दोन बाटल्या, समोशाच्या पट्ट्या, सेहरीसाठी टोस्ट, मुलासाठी नूडल्स. अम्मी म्हणजे माझ्या सासूबाई. पन्नास वर्षं त्यांनी या घराला सेहरीसाठी उठवलं आहे, त्यामुळे यादीतल्या कुठल्याही ओळीवर माझी काट चालत नाही. महिना उपवासाचा आणि किराण्याचं बिल मात्र एरवीच्या दीडपट. ‘एकादशी, दुप्पट खाशी’ ही म्हण शिकवताना वर्गातली मुलं माझ्याकडे बघून गालात हसतात. मीही हसते. म्हण काही एका धर्माच्या नावावर नोंदलेली नसते.

गेल्या वर्षी या यादीतल्या एका पुड्याने आम्हाला दवाखान्याची पायरी चढायला लावली. अम्मींना चौदा वर्षांपासून मधुमेह आहे. रोजे ठेवू नका, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलेलं. आजारी माणसाला रोज्याची सवलत आहे, त्याबदली फिदिया देता येतो, हे त्यांना आमच्यापेक्षा चांगलं माहीत. त्यांनी रोजे सोडले, पण सेहरीला आमच्याबरोबर उठणं सोडलं नाही. सगळं घर जागं आणि आपण झोपून राहायचं, हे त्यांच्याच्याने होईना. मग पहाटे सगळ्यांसोबत चहा आणि चहाबरोबर ‘शुगर फ्री’ बिस्किटं. दोन-तीन नव्हेत, सात-आठ. इफ्तारनंतर पुन्हा तेवढीच. मी एकदा टोकलं, तर म्हणाल्या, “पुडे पे लिखेला है ना, शक्कर नईं करके. फिर कैकू डरना?”

बारा-तेरा दिवसांनी त्यांना गरगरायला लागलं. रक्त तपासलं, तर साखर कधी नव्हे इतकी वर. आमची मिरज दवाखान्यांचं गाव. कुठला डॉक्टर कशाचा, हे इथे रिक्षावाल्यालाही पाठ असतं. डॉक्टरांनी गोळ्या बदलायच्या आधी एक काम सांगितलं: “दिवसभरात काय काय खातात ते पिशवीत घालून घेऊन या.” पिशवी नेली. त्यांनी बिस्किटांचा पुडा हातात घेतला, उलटा केला, चष्मा कपाळावर सरकवला आणि बारीक अक्षरांवर बोट ठेवलं. पहिला घटक मैदा. दुसरा पाम तेल. खालच्या तक्त्यात शंभर ग्रॅममागे सत्तरच्या आसपास कार्बोहायड्रेट. “साखर घातलेली नाही हे खरंच आहे,” ते म्हणाले, “पण मैद्याची पोटात गेल्यावर साखरच होते ना?”

पुडा खोटं बोललेला नव्हता, हे मी मुद्दाम सांगते. शंभर ग्रॅममध्ये अर्ध्या ग्रॅमपेक्षा जास्त साखर नसेल, तर ‘शुगर फ्री’ म्हणायला कायद्याची मुभा आहे. बाकी पुड्यात काय आहे, ते मागे लिहिलेलं होतं. आम्ही फक्त पुढची बाजू वाचली. अम्मींनी तर तीही वाचलेली नव्हती. त्यांना उर्दू येते, कुराण त्या रोज वाचतात, पण इंग्रजी त्यांच्यासाठी मुंग्यांची रांग. पुढचे दोन शब्द त्यांना नातवाने वाचून दाखवले होते.

आता यातली गंमत बघा. आमचं घर पाकिटं न वाचणाऱ्यांपैकी नाही. उलट, आमच्याइतकी पाकिटं कोण वाचत असेल? केकवर तपकिरी खूण आहे का, जेलीच्या गोळ्यांत जिलेटिन आहे का आणि असलं तर कशाचं, रंग १२० नंबरचा म्हणजे किड्यापासूनचा तर नाही, ४७१ वनस्पतीचं की चरबीचं, याच्या याद्या आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर रमजान आला की फिरू लागतात. नातवाला बारीक अक्षरात ‘जिलेटिन’ बरोबर सापडतं. शेजारच्या काकू चातुर्मासात कांदा-लसूण टाळतात. त्या मसाल्याचं पाकीट हातभर लांब धरून पावडरीतला लसूणही शोधून काढतात. कॉलेजातल्या माझ्या एका जैन सहकारी मॅडम आहेत, त्यांच्याकडून तर मला ही नजर शिकावीशी वाटते. म्हणजे चालतं की नाही, हे पाहण्यासाठी आपण सगळेच पाकिटाची पाठ वाचतो. मानवतं की नाही, हे पाहायला मात्र ती उलटवत नाही.

कुराणात खाण्यापिण्याचा विषय निघतो, तिथे ‘हलाल’च्या जोडीला ‘तय्यिब’ असा शब्द येतो. तय्यिब म्हणजे चांगलं, शुद्ध, अंगी लागणारं. हलालवर आपल्याकडे किती बोललं जातं, भांडलंही जातं. तय्यिबवर बोलताना मी फारसं कुणाला ऐकलेलं नाही. मौलवींचा अधिकार मला नाही, भाषेच्या शिक्षिकेचा आहे. आणि दोन शब्द जोडीने आले असतील, तर त्यातला एकच उचलून चालत नाही, एवढं मी कुठल्याही वर्गात ठासून सांगेन.

भाषेचंच निघालं म्हणून सांगते. दवाखान्यातून आल्यावर मी घरातली सगळी पाकिटं स्वयंपाकघराच्या ओट्यावर मांडली आणि एखादा उतारा वाचावा तशी वाचायला बसले. तेव्हा लक्षात आलं की पाकिटाच्या पुढच्या बाजूला सगळी विशेषणं असतात आणि मागच्या बाजूला नामं. पुढे पौष्टिक, अस्सल, मल्टिग्रेन, शाही, हलकंफुलकं. मागे मैदा, साखर, पाम तेल, मीठ. नामांचा क्रमही मनाला येईल तसा नसतो. ज्याचं वजन सगळ्यात जास्त ते पहिलं, मग उतरत्या भाजणीने बाकीची, असा नियमच आहे. म्हणून पहिली तीन नावं वाचली की पुड्याचा स्वभाव कळतो. आमच्या ‘केसर-बदाम’ बिस्किटांत बदामापुढे कंसात आकडा होता, एक टक्का. पाकिटावर ज्या पदार्थाचा गाजावाजा केला, त्याचं प्रमाण द्यावं लागतं, त्या नियमामुळे एवढं तरी कळलं. केशराचा आकडा मी सांगत नाही, इफ्तारच्या वेळी हसणं बरं नव्हे. साखर तर अनेक नावांनी फिरते: लिक्विड ग्लुकोज, इन्व्हर्ट सिरप, डेक्स्ट्रोज. एकाच घरातली माणसं वेगवेगळ्या रांगांत उभी राहावीत तशी ती यादीत पसरते आणि पहिल्या नंबरावर यायची चुकते.

लाल सरबताची बाटली घेतली. हे सरबत नसेल, तर आमच्याकडे मगरिबची अजान झाल्यासारखी वाटत नाही. शंभर मिलीमागे साखर चौऱ्याऐंशी ग्रॅम. एका ग्लासात आम्ही मोठे दोन चमचे, म्हणजे साधारण तीस मिली घालतो. मुलाला गणित घातलं. पंचवीस ग्रॅम आलं. चहाचा चमचा पाच ग्रॅमचा धरला तर पाच चमचे. रोजा सोडताना एक ग्लास, तरावीहून आल्यावर एक ग्लास. दहा चमचे, पन्नास ग्रॅम. वरून घातलेल्या साखरेची दिवसाची मर्यादा आपल्याकडच्या लेबलांवर पन्नास ग्रॅमच धरलेली असते. म्हणजे खजूर, शेवया, फळांवर भुरभुरलेली साखर, चहा, यातलं काहीही पोटात जाण्याआधी कोटा संपला. इथे आणखी एक खोच आहे. जागतिक आरोग्य संघटना म्हणते की पन्नास ही वरची हद्द, त्याच्याही निम्म्यावर राहिलात तर अधिक बरं. लेबलावरची टक्केवारी पन्नासवर काढलेली असल्याने जिथे ‘२० टक्के’ दिसतं, तिथे निम्म्याच्या हिशेबाने चाळीस वाचायचं.

ही टक्केवारी ‘एका सर्व्हिंग’ची असते, हे तर मला चाळिशी उलटेपर्यंत माहीत नव्हतं. सर्व्हिंग किती, ते कंपनी ठरवते. वेफर्सच्या पुड्यावर सर्व्हिंग वीस ग्रॅम आणि पुडा पन्नासचा. वीस ग्रॅमवर थांबलेला माणूस मी तरी आमच्या घराण्यात पाहिलेला नाही. म्हणून शंभर ग्रॅमचा रकाना बघावा आणि आपण खरंच किती खातो, त्याचा गुणाकार स्वतः करावा.

सेहरीच्या नूडल्सचा हिशेब कॉलेजातल्या केमिस्ट्रीच्या सरांनी करून दिला. पाकिटावर मीठ लिहीत नाहीत, सोडियम लिहितात. सोडियमला अडीचने गुणलं की मीठ. दिवसाचं मीठ पाच ग्रॅम, म्हणजे सोडियम दोन हजार मिलिग्रॅम. आमच्या नूडल्समध्ये शंभर ग्रॅमला बाराशे मिलिग्रॅम, पुडा सत्तर ग्रॅमचा. आठशे चाळीस मिलिग्रॅम सोडियम, म्हणजे दोन ग्रॅमहून थोडं जास्त मीठ. दिवसाच्या मिठाचा चाळीस टक्क्यांहून जास्त वाटा पहाटे पाचच्या आत पोटात! त्यावर लोणचं, त्यावर पापड. मग दुपारी दोनला जीभ टाळूला चिकटते आणि आपण म्हणतो, यंदा ऊन फार आहे. मराठीत ‘वाचणे’चे दोन अर्थ आहेत, हे वर्गात सांगताना मी आता या नूडल्सचं उदाहरण देते.

हे सगळं मी काकूंना गच्चीवर सांगत होते. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “आमचं बरं आहे बाई, उपासाच्या वेफर्सला सैंधव असतं.” दुसऱ्या दिवशी त्या स्वतःच पुडा घेऊन आल्या. पुढे ठसठशीत ‘सैंधव’, मागे तक्त्यात सोडियम, जवळजवळ साध्या वेफर्सएवढंच. सैंधवही मुख्यतः तेच सोडियम क्लोराइड, ते खाणीतून आलं काय किंवा समुद्रातून. काकूंच्या यजमानांना रक्तदाबाच्या दोन गोळ्या चालू आहेत आणि एकादशीला ते उपास म्हणून दोन पुडे संपवतात. ‘उपवासाला चालतो’ हे शब्द आणि आमच्या अम्मींचं ‘शक्कर नईं’, यांत मला फारसा फरक दिसला नाही.

आता मला सरकारशी बोलायचं आहे. हिरवा ठिपका आपल्या पाकिटांवर येऊन वीस वर्षांहून अधिक काळ लोटला. तो वाचायला शाळा लागत नाही. अम्मी ओळखतात, काकूंची भाची ओळखते, अक्षरओळख नसलेली आमची भांडीवाली मावशी ओळखते. २०२०च्या नियमांत मांसाहारी खुणेतल्या गोलाच्या जागी त्रिकोण आला, तोही रंग नीट न दिसणाऱ्याला आकारावरून कळावं म्हणून. एवढा बारीक विचार आपल्याकडे होऊ शकतो. मग साखर, मीठ आणि चरबी जास्त असल्याची खूण पुढच्या बाजूवर का येऊ नये? चिली देशाने २०१६मध्ये अशा पाकिटांवर काळे अष्टकोन छापायला लावले. मेक्सिकोने २०२०मध्ये तेच केलं. आपल्याकडे अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०२२च्या सप्टेंबरात मसुदा काढला, त्यात होते तारे, अर्ध्यापासून पाचपर्यंत, हॉटेलांना देतात तसे. तो मसुदाही अजून पाकिटावर उतरलेला नाही, आणि खरं सांगायचं तर त्या ताऱ्यांची मी वाटही पाहत नाही. तारा म्हणजे शाबासकी. त्या पद्धतीत काजू-बदामाचे, तंतूंचे, प्रथिनांचे गुण साखरेच्या दोषातून वजा होतात. भरपूर साखर असलेल्या पुड्यालाही दोन-तीन तारे मिळाले, तर अम्मी म्हणतील, चांद-तारा है ना, फिर कैकू डरना? धोक्याची खूण धोक्यासारखीच दिसली पाहिजे.

यावर नेहमीचा आक्षेप येतो की मग आपले पापड, लोणची, फरसाण सगळ्यांवर काळे ठिपके येतील, आपली खाद्यसंस्कृती बदनाम होईल. येऊ देत. लोणच्यावर ‘मीठ जास्त’ छापलं म्हणून कुणी लोणचं सोडणार नाही, तीन फोडींच्या जागी एक घेईल. लोणचं मुळात एका फोडीसाठीच होतं.

दुसरी गोष्ट भाषेची. पाकिटावरची माहिती इंग्रजीत किंवा देवनागरी लिपीतल्या हिंदीत हवी, असा केंद्राचा नियम आहे. मराठी घालायला मनाई नाही, पण सक्तीही नाही. मग इंग्रजीवरच भागतं. दुकानांवरच्या मराठी पाट्यांसाठी आपल्या राज्यात किती रान उठलं! २०२२मध्ये कायदा बदलला, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं, २०२३मध्ये न्यायालयाने दोन महिन्यांची मुदत दिली, पाट्या बदलल्या. मला त्याचा आनंदच आहे, मराठी माझी रोजीरोटी आहे. पण दुकानाची पाटी मराठीत आणि त्या दुकानातल्या पाकिटाची पाठ परक्या भाषेत, यात आपण नेमकं काय मिळवलं? पाटी वाचता आली नाही तर माणूस चुकीच्या दुकानात शिरेल आणि परत फिरेल. पाकीट वाचता आलं नाही तर काय होतं, ते आम्ही पाहून आलो. यासाठी एखादा मोर्चा निघाला, तर मी रोज्याच्या तोंडाने चालायला तयार आहे. माझ्या अम्मींसाठी उर्दूतही छापा, असं मी म्हणणार नाही. एका पुड्यावर किती लिप्या बसवायच्या? म्हणूनच तर खूण हवी.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात जास्त टोचते. ज्या पाकिटाचं क्षेत्रफळ शंभर चौरस सेंटिमीटरपेक्षा जास्त नाही, त्याला घटकांची यादी आणि पोषणाचा तक्ता छापण्यातून सूट आहे. ती माहिती मोठ्या पुड्यावर किंवा खोक्यावर दिली की झालं. जागाच नाही तर छापणार कुठे, हे वरवर पटतंही. पण ती छोटी पुडी घेतं कोण? मोठा पुडा परवडत नाही ते घर, दोन-पाच रुपयांचं नाणं मुठीत घेऊन टपरीवर गेलेलं पोर. खोका टपरीवाल्याच्या पायाशी फाटून पडलेला असतो. ज्याला आकडे सगळ्यात जास्त कळायला हवेत, त्याच्याच हातात कोरी पुडी. एवढीशी जागा असली तरी तिच्यावर नट्याचा चेहरा बसतो, हेही मी पाहिलं आहे. एक ठिपका नक्की बसेल.

अर्थात निम्मा रमजान लेबलाबाहेरच असतो. दर्ग्याच्या रस्त्यावरचे समोसे, बेकरीतली सुटी खारी, कढईतून निघणारी जिलेबी, कशालाच पाठ नाही. सुट्या मिठाईपुढे ‘कधीपर्यंत खावी’ ती तारीख लावण्याचा नियम १ ऑक्टोबर २०२०पासून आहे. दुकानात गेलात तर तारीख शोधा, नसेल तर विचारा, दुकानदार आधी चिडतो आणि मग लावतो. पुन्हापुन्हा उकळलेल्या तेलालाही कायद्याची मर्यादा आहे, पण ते तपासायचं यंत्र आपल्याजवळ नसतं, डोळे असतात. काळंभोर, फेसाळतं तेल दिसलं की मी पुढच्या गाड्यावर जाते. आणि संपादकांची माफी मागून सांगते, हा लेख वाचून झाल्यावर या कागदात भजी बांधू नका. छापील कागदात खाद्यपदार्थ बांधायला बंदी आहे, शाई अन्नात उतरते.

यंदा यादी करताना अम्मींनी स्वतःच बिस्किटांची ओळ गाळली. त्यांच्यासाठी भाजलेले फुटाणे आणि घरची ज्वारीची भाकरी ठरली, दूध बिनसाखरेचं. लाल सरबत आलं, पण एकच बाटली, आणि चमचा मोठ्याऐवजी चहाचा. मुलाने प्रत्येक डब्यावर चिठ्ठी चिकटवायचं काम घेतलं, साखर किती चमचे, मीठ किती. अम्मींना वाचता यावं म्हणून ती उर्दूत लिहायची होती. तो मराठी शाळेत जातो, अलिफ-बे कशीबशी येते. दोन संध्याकाळ आजी-नातू चिठ्ठ्या घेऊन बसले होते. ‘शक्कर’मधला शीन त्याने तीनदा चुकवला, त्या ओरडल्या, त्याने पुन्हा लिहिला. काकूंनी ते पाहिलं आणि त्यांच्या डब्यांसाठी मराठीत एक संच मागून नेला.

परवा अम्मींनी खजुराचं पाकीट नातवाकडून वाचून घेतलं. खजूर, आणि त्यापुढे ग्लुकोज सिरप. हा शब्द आता त्यांना पाठ आहे. “खजूर को ऊपर से शक्कर?” म्हणत त्यांनी मुलाला पाकिटासह परत दुकानात पाठवलं. दुकानदार ओळखीचा, त्याने काही न बोलता पाकीट ठेवून घेतलं आणि पोत्यातून अर्धा किलो सुटे खजूर तोलून दिले. त्यांच्यावर अर्थातच कसलंही लेबल नव्हतं.